डाव्या कानाकडची खुर्ची

तौकीर शिलाई मशीन दुरुस्त करायचा. लाहोरच्या तटबंदीतल्या जुन्या शहरातले शिंपी मशीन घेऊन आले की तो आधी ते उघडत नसे. पायडल दोन-चार वेळा मारायला लावायचा, मान किंचित कलती करून ऐकायचा आणि म्हणायचा, "शटल झिजलंय." बहुतेक वेळा तेच निघे.

त्याच कानावर तो मुनव्वरचाचांच्या गेमच्या दुकानातही जिंकत आला होता. अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, पण दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की तासभर तो तिथे असायचाच. चाचांच्या दुकानाची रीत अशी की जिंकणारा डावीकडच्या खुर्चीवर बसून राहतो आणि आव्हान देणारा उजवीकडे येऊन बसतो. ती डावी खुर्ची सहा वर्षं तौकीरची होती.

या खेळात दोन माणसं पडद्यावर मारामारी करतात, आणि समोरचा ठोसा मारायला आला की बाजूला सरकून त्याला बगल देता येते. त्यासाठी मशीनवरचा दांडा जरासा वर ढकलून सोडायचा. त्याची एक बारीक टिक होते, मग क्षणभर हात थांबतो. शेजारी बसलेल्याच्या दांड्याची ती टिक तौकीरला ऐकू यायची. टिक आली की तो सरळ ठोसा मारतच नसे. चाचांच्या दुकानात जिला सगळे 'झाडू' म्हणत, ती गोल फिरणारी लाथ मारायचा. सरकलेला माणूस तिच्यात सापडायचाच.

मग रमजानच्या आधी एकदा, तिथंच खेळायला येणाऱ्या झोहेबकडून तो हरला. साधी हार, सगळेच कधीतरी हरतात. उठून तो उजव्या खुर्चीवर बसला, आणि टिक ऐकू येईना. आधी वाटलं, झोहेबचा दांडा नवा आहे. घरी येऊन त्यानं डाव्या कानाशी दोन बोटं चोळून पाहिली. काही नाही. उजव्या कानाशी चोळली, तर खसखस ऐकू आली.

तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुताना तो बोटं चोळून पाहायचा. बायकोला, सुमैराला, काही बोलला नाही. वर्कशॉपात मालकाला तर नाहीच. मशीन नेहमी उजव्या अंगाला ओढून घ्यायचा आणि मालक डावीकडून बोलला की ऐकल्यासारखं करून हसायचा. एकदा चुकीच्या ठिकाणी हसला. मालक नुसता बघत राहिला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी इस्लामाबादला होणाऱ्या स्पर्धेला चाचा तिघांना नेणार होते. दोघं ठरलेले होते. तिसरी जागा तौकीर किंवा झोहेब, जो आधी तीन डाव घेईल त्याची. झोहेब बावीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला. हात पुसत आला आणि डाव्या खुर्चीवर बसला.

"तौकीरभाई, पंखा तुमच्याकडे वळवू का? कपाळ बघा, दूध उतू जावं तसा घाम चाललाय."

"तुझं तू खेळ," तौकीर म्हणाला.

पहिला डाव गेला. दुसराही गेला, आणि दोन्ही एकाच तऱ्हेनं. झोहेब एक हलका ठोसा मारायचा. तौकीर तो अडवायचा, पण अडवल्यावर झोहेबचा माणूस पापणी लवण्याआधी मोकळा व्हायचा आणि तौकीरचा जरा उशिरा. त्या फटीत तौकीरला धडकी भरायची आणि बोट आपोआप दाबलं जायचं. झोहेब तोवर बाजूला सरकलेला. ठोसा हवेत, आणि बाजूनं आलेला तडाखा अर्धा जीव घेऊन जायचा. झाडू मारावा, तर ती लाथ सावकाश येते. झोहेब सरकलाच नाही, तर ती निघायच्या आत दुसरा ठोसा तोंडावर. कळणार कसं? उजवा कान ताणून ताणून ऐकत होता, पण शेजारच्या मशीनची प्रत्येक टिक त्याला झोहेबचीच वाटत होती.

"अरे, काय मान वाकडी करून बसलायस?" चाचा मागून ओरडले. "इस्लामाबादला कानावर हे एवढे हेडफोन चढवतात. तिथे कान घेऊन काय करणार?"

पोरं हसली. चाचांना कळलंय? की सहज बोलले? तौकीरनं खिशात हात घातला. तेल पुसायच्या कापसाचा बोळा हाताला लागला. त्यानं तो उजव्या कानात कोंबला.

"हे काय नवीन?" झोहेब म्हणाला असावा. ओठ हलले, एवढंच दिसलं.

आता ऐकायचं काही उरलं नव्हतं. हलका ठोसा आला, त्यानं अडवला. बोट शिवशिवलं, त्यानं ते बटणावरून उचलून धरलं. नुसता अडवून बसला. झोहेबचा माणूस सरकला, पडद्याच्या आतल्या बाजूला, आणि चुकवायला काहीच नसल्यामुळे तसाच उभा राहिला. पुन्हा ठोसा, पुन्हा आतल्याच बाजूला. पाय आधी कसा उचलला जातो तेही तौकीरला दिसलं. इतकी वर्षं ते पडद्यावरच होतं. तिसऱ्या वेळी पाय उचलला गेला आणि झाडू बसला.

दोन-एक. मग दोन-दोन. झोहेब आता सरकायलाच बिचकत होता, आणि सरकला नाही की अडवून परत मारणं सोपं होतं. शेवटच्या डावात दोघांचाही जीव बोटभर उरला. तौकीरचा तळहात दांड्यावरून घसरत होता. हलका ठोसा आला. त्यानं अडवला आणि थांबला, नको तितका थांबला. झोहेबचा पाय उचलला गेला आणि झाडू फिरला.

पडदा लाल झाला. पोरं उड्या मारू लागली, सगळं मुक्यानं. झोहेब उठला, काहीतरी बोलला आणि उत्तराची वाट बघत राहिला. मग त्यानं वाकून तौकीरच्या तोंडाकडे पाहिलं. तौकीरनं उजव्या कानातला कापूस काढला.

"तौकीरभाई, दोनदा विचारलं. या डाव्या कानात तर काही घातलेलं नाही तुम्ही."

तौकीरनं कापूस मुठीत आवळला. मग म्हणाला, "त्या कानानं ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही. हरलो तेव्हा कळलं."

चाचा पुढे आले आणि रिकामी डावी खुर्ची हातानं झटकली. "जिंकलास ना? मग ये, आपल्या जागेवर बस."

त्या खुर्चीवर बसलं की चांगला कान पुन्हा समोरच्याकडे होणार होता. प्रत्येक टिक परत ऐकू येणार होती. तौकीरनं तिकडे बघितलं.

"रविवारपर्यंत इथंच बसतो, चाचा," तो म्हणाला. "तिथं तर हेडफोनच असणार. झोहेब, बस परत. अजून पाच डाव खेळू."

"आणि वर्कशॉपातल्या मालकाला काय सांगणार?" झोहेबनं बसण्याआधी विचारलं. या वेळी तो पलीकडून वाकून, उजव्या कानाशी बोलला.

तौकीरच्या हातातला कापूस ओला झाला होता. बोळा खिशात घालत तो म्हणाला, "तेच बघतोय. तू ठोसा मार."