अनंतरावांची तक्रारवही

फोनवरून कर्ज आणि प्लॉट विकणाऱ्यांनी घाबरावं असा एकच माणूस आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये राहतो, तो म्हणजे अनंतराव. वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. असा फोन आला की आम्ही दोन शिव्या हासडून ठेवून देतो. अनंतराव मात्र शेवटपर्यंत ऐकतात, वहीत लिहितात आणि त्याच दिवशी १९०९ वर तक्रार करतात. जाहिरातीचा फोन १४० नं सुरू होणाऱ्या नोंदणीकृत नंबरावरूनच यायला हवा, हा नियम त्यांनी मला इतक्यांदा सांगितलाय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. मी त्यांना कोतवालसाहेब म्हणतो. ते चिडत नाहीत, उलट खूश होतात.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडं बसून त्यांच्या बायकोच्या, भानुमतीकाकूंच्या हातचा चहा पीत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली अपेक्षा दारात आली. पोरगी वैजापूरची, इथं कुठंतरी नोकरीला, एवढंच आम्हाला ठाऊक.

"काका, जरा फोन देता का? माझ्यावरून कॉलच जाईना. पाच जणांनी तक्रार केली म्हणं, पंधरा दिवस बंद. आई घरी एकटीच हाय, रोज या वेळंला वाट बघती."

अनंतरावांनी फोन दिला. पलीकडून आवाज येताच ती म्हणाली, "आई, जेवलीस का?"

अनंतरावांनी कप खाली ठेवला. उठून वही आणली आणि पानं मागं उलटली. पैठण रोडचे प्लॉट, दहा आकडी साधा नंबर. कंपनी: विचारली, सांगितली नाही. शेरा: 'आधी जेवलात का म्हणून विचारते. गोड बोलून गळ्यात मारण्याची युक्ती.'

वही मिटून गप्प बसता आलं असतं. मी खुणेनं तेच सुचवत होतो, हे कबूल करतो. पण तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी वही तिच्यापुढं सरकवली.

"हा तुझाच नंबर ना? त्या पाचांतला एक मी."

तिनं वाचलं. डोळे भरून आले. "युक्ती नव्हती ओ काका. आमच्याकडं बोलायला सुरुवातच तशी करतेत. सिम बी माझंच वापरायला लावलं मालकांनी. कंपनीचा नंबर घ्यायचा म्हणजी लई कटकट, म्हणले."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला त्या मालकाचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर कोतवालसाहेबांचाही थोडा आला.

"कंपनीचं नाव कळलं तर त्यांची तक्रार करता येईल," अनंतराव म्हणाले. "पण तुझी नोकरी जाईल, पोरी."

तिनं वही जवळ ओढली. मग त्यांच्याच पेननं तिनं 'सांगितली नाही'च्या पुढं कंपनीचं नाव लिहिलं. अक्षर मोठं आणि गोल होतं.

अनंतरावांनी खालच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली. चष्मा काढून पुसला. मग चाचरतच विचारलं, "तू जेवलीस का गं?"

ती जेवली नव्हती. काकूंनी आत जाऊन तवा ठेवला.