बापूरावांनी कन्सोल आणला

किस्से कुणी जमवत नाही. तीन माणसे रोज एकाच खोलीत, एकाच वस्तूसमोर, सारख्याच अस्वस्थतेने बसू लागली की पाण्याच्या टाकीखाली शेवाळ धरावे तसे ते धरत जातात; आणि एके दिवशी लक्षात येते, की पाय टेकायला कोरडी जागाच उरलेली नाही! गारखेड्यातील आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बापूराव साळुंके यांच्या दिवाणखान्यात, यंदा गणपती ते दिवाळी एवढ्या अवधीत हे घडले.

बापूरावांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षे पत्रे दाबून सुटे भाग काढणारे प्रेसखाते सांभाळले आणि ते निवृत्त झाले. दुसरे काझीसाहेब. छावणीत त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. आता तिथे त्यांचा मुलगा बसतो. तिसरा मी. महाविद्यालयात मराठी शिकवून थकलेला, तळमजल्यावर राहणारा, आणि या दोघांच्या लेखी केवळ ‘सर’.

प्रकरणाचे मूळ मात्र गेल्या दिवाळीत आहे. बापूरावांची नात इरा, वय वर्षे अकरा, पुण्याहून आठ दिवस राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी आईला बोलावून परत गेली. निघताना ती अत्यंत सभ्यपणे म्हणाली, “आजोबा, राग मानू नका. पण इथे करायला काहीच नाहीये.”

ती रागावून गेली असती तर बापूरावांनी सोसले असते. तो सभ्यपणा त्यांना वर्षभर टोचत राहिला. यंदा घरी खेळायचा एक नवा व्हिडिओ गेम कन्सोल बाजारात आला, आणि आई तो घेऊन देत नाही अशी तक्रार इराने फोनवर केली. त्याच दिवशी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

“सर, पोरगी यंदा आठ दिवस राह्यली पाहिजे. पुरे आठ. यंदा बी तिसऱ्या दिवशी गेली, तर पुढच्या साली ती येणारच नाय. लिहून घ्या!”

मी लिहून घेतले नाही. चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघालो.

*

जालना रोडवरच्या दुकानातील विक्रेत्याने कन्सोलचे गुण सांगायला आरंभ केला. चित्र किती स्वच्छ, वेग किती, आवाज कसा चहूबाजूंनी येतो, इत्यादी. बापूरावांनी ते सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आत फिरतं काय काय?”

“सर, फॅन आहे. कूलिंगसाठी.”

“म्हंजे बेअरिंग आलं. ग्रीस कधी द्यायचं?”

विक्रेत्याने मोबाइलमध्ये पाहिले, आतल्या साहेबांना विचारले, आणि येऊन सांगितले की ग्रीस द्यावे लागत नाही.

बापूराव माझ्याकडे वळले. “सर, ग्रीस न घेणारी मशीन मी आजवर पाह्यली नाय. एकतर हा खोटं बोलायला, नाय तर ही मशीन लई दिवसांची नाय!”

तरीही त्यांनी ती घेतली.

*

नवे यंत्र पूजेवाचून सुरू करायचे नाही, हा प्रेसखात्याचा दंडक. बापूरावांच्या पत्नी सुमनवहिनींनी उंबऱ्यावर नारळ फोडला. बापूरावांनी ओल्या बोटाने कन्सोलवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, दोन्ही कंट्रोलरना हळद-कुंकू लावले आणि टीव्हीलाही वगळले नाही.

काझीसाहेबांचा कारागिराचा जीव कळवळला. “बापूराव, कल कुछ बिगडा तो वारंटीवाले पूछेंगे, ये लाल क्या है बोलके. क्या बोलेंगे?”

“सांगायचं, सवाष्ण आहे म्हणून!”

*

जोडणी झाली. पडद्यावर अक्षरे उमटली, की खेळण्यापूर्वी एक मोठे अपडेट उतरवून घ्यावे लागेल. खाली एक बारीक रेघ होती. ती भरत आली की झाले, असे काझीसाहेबांनी समजावून सांगितले.

रेघ भरेना.

“नवी कोरी मशीन, अन् आल्या आल्या ओव्हरहॉलिंग?” बापूराव उठले, बसले, पुन्हा उठले. “कंपनीनं घरूनच जेवू घालून धाडायला नको का तिला?”

वाट पाहणे आणि खोळंबणे यांत अंतर आहे. वाट पाहणाऱ्याला ठाऊक असते, की कोण येणार आहे. खोळंबलेल्याला एवढेच ठाऊक असते, की कुणी अडवले आहे. बापूराव त्या दुपारी दोन्ही करीत होते, त्यामुळे खुर्चीत मावत नव्हते. दर दोन मिनिटांनी ते पडद्यापर्यंत जात आणि त्या रेघेकडे साहेबाच्या नजरेने पाहत.

शेवटी काझीसाहेब म्हणाले, “इत्ता घूरके नक्को देखो, मियाँ. शरमाके रुक जाती वो!”

*

अपडेट संपले, तर यंत्राने नाव विचारले. बापूरावांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधीत, आपले नाव-आडनाव भरले. उत्तर आले: हे नाव आधीच घेतलेले आहे.

बापूरावांचा चेहरा उतरला, मग तापला.

“सर, गावाकडं माझा एक चुलतभाऊ आहे. त्याचं बी हेच नाव. आजोबाचं नाव दोघांनाबी ठेवलं होतं.”

“असेल,” मी म्हणालो, “पण जगात आणखीही कुणी…”

“जग कशाला मध्ये आणता? त्यानं चार वर्षांत माझा दोन हात बांध कोरला. आता नाव बी नेलं!”

आम्ही पुष्कळ समजावले. उपयोग झाला नाही. त्यांनी तिथल्या तिथे गावी फोन लावला आणि चुलतभावाला विचारले, “कन्सोल घेतला का रे तू?” पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही, परंतु फोन ठेवताना बापूराव समाधानाने हसत होते.

“त्याला वाटलं कन्सोल म्हंजे ट्रॅक्टरचा पार्ट. उद्या जाफराबादला आणायला चाललाय!”

*

खेळ सोपा दिसत होता. एक धट्टाकट्टा गडी पडक्या देवळांतून धावतो, तराफ्यांवरून उड्या मारीत पाण्यापलीकडे जातो आणि निशाण गाठतो. दोघे खेळत असले तर जो आधी पोहोचेल तो जिंकला. पहिल्या आठवड्यात आम्हा तिघांपैकी कुणीही पोहोचला नाही.

कारखान्यात एक पाळी संपून दुसरी सुरू होताना यंत्राची हकिगत वहीत लिहावी लागते. बापूरावांनी तशी वही घातली. त्यातील काही नोंदी मी मूळ स्वरूपात देतो.

‘पहिली पाळी: काझी. गडी पाच वेळा बुडाला. कारण: घाई. उपाय: चहा नंतर द्यावा.’

‘दुसरी पाळी: सर. गडी जागचा हलला नाही. कारण: सर खेळातल्या पाटीवरचा मजकूर वाचत होते. उपाय: नाही.’

दुसऱ्या आठवड्यात तीन टप्पे कसेबसे पार पडले, पण चौथ्या टप्प्यावर गाडी अडली ती अडलीच. चार दिवस तिघेही तिथेच बुडत होतो. पाचव्या दिवशी आम्ही चहा पीत असताना सुमनवहिनींनी कंट्रोलरवरचे वाळलेले कुंकू पुसायला घेतले. फडके फिरले, बटणे दाबली गेली, आणि गडी टुणटुण उड्या मारीत पलीकडे जाऊन निशाणाशी उभा राहिला!

“अवो, मी काय केलं? पुसत होते फकस्त!”

वहीत नोंद झाली: ‘चौथा टप्पा पार. कारण: अज्ञात. उपाय: रोज पुसावे.’

*

दसरा जवळ आला तसे बापूराव बदलले. दिनदर्शिकेवर ते रोज खूण करीत. उरलेले दिवस कमी होत गेले तसतसे त्यांचे फिरणे थांबले, बोलणे तुटक झाले. चहा गार होई. एकदा जिन्यात भेटले तेव्हा दोन्ही अंगठे हवेत हलत होते.

आणि मग एका सायंकाळी त्यांना तराफ्यावरची उडी साधली.

“सर, हे प्रेससारखंच आहे! वरून लोखंडी डाय खाली येते, तिचा एक ठेका असतो. डोळ्यानं बघून हात घातला की मेला. ठेक्यावर घालायचा. एक, दोन, दाब!”

त्या दिवसापासून त्यांचा गडी पाण्याला शिवला नाही. मीटरचे आकडे घ्यायला आलेल्या वीजमंडळाच्या माणसाला त्यांनी आग्रहाने बसवून घेतले आणि डोळे मिटून सहा तराफे ओलांडून दाखवले. तो मनुष्य थक्क झाला.

“काका, हे कुठं शिकलात?”

बापूरावांनी दोन्ही पंजे त्याच्यासमोर पसरले. “तीस वर्षं दीडशे टनी प्रेसखाली हात घातलाय. मोज. दाही आहेत!”

त्या दिवशी आम्हा तिघांचीही खात्री पटली, की पोरगी यंदा आठ दिवस राहणार.

*

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी इरा आली. कन्सोल पाहून ती अशी काही किंचाळली, की मी तळमजल्यावरून वर धावलो. तिने आजोबांच्या गळ्याला मिठी मारली होती. बापूराव तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होते, आणि त्या चेहऱ्याचे मी वर्णन करीत नाही.

सायंकाळी ती खाली माझ्याकडे आली. “सरआजोबा, आम्ही नऊ गेम खेळलो. नऊच्या नऊ आजोबा जिंकले.”

मी बापूरावांना जिन्यात गाठले. ते म्हणाले, “मग? आजोबाला काय येत नाय, असं वाटायला नको तिला!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शिकवायलाही घेतले. “ठेका धर, ठेका! घाई केली की माल स्क्रॅप! परत पहिल्यापासून!” दुपारनंतर इरा गॅलरीत मोबाइल घेऊन बसलेली दिसली. दिवाणखान्यात बापूराव एकटेच खेळत होते आणि जिंकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला फोन केला. “तू ये ना घ्यायला. मी इथे नुसती बघत बसते.” तिची आई वैशाली पुण्याहून निघाली.

दुपारी काझीसाहेब आणि मी वर गेलो. दाराशी बॅग भरून ठेवलेली. इरा बूट घालून सोफ्याच्या कडेवर बसलेली. स्वयंपाकघरात सुमनवहिनी डब्यात लाडू भरीत होत्या. आम्हाला पाहून त्या नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, “या भाऊजी. तुमचे दोस्त सगळे गेम जिंकले. आता कुणासंगं खेळतेत बघू!”

दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून दिवाणखान्यात अशा बापूरावांच्या फेऱ्या चालू होत्या. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला की ते कठड्यावरून वाकून पाहत, आणि दुसऱ्याच कुणाची असली की श्वास सोडीत.

अकराव्या का बाराव्या फेरीत बापूराव मध्येच थांबले. टीव्हीसमोर खाली सतरंजीवर मांडी घालून बसले आणि कंट्रोलर हातात घेतला. उलटा.

“इरे, उडी कुठल्या बटणानं मारायची गं?”

इराने वळून पाहिले. “आजोबा! काल तर तुम्ही किती…”

“काल मारली. आज काय व्हायलंय कळंना.”

त्यांचा गडी पहिल्याच पायरीवरून पाण्यात पडला. परत उभा राहिला, परत पडला.

काझीसाहेब चष्मा सावरीत बापूरावांच्या शेजारी बसले आणि त्यांनी दुसरा कंट्रोलर उचलला. तोही गडी त्याच पाण्यात गेला. “हौ, बापूराव. इसमें बी कुछ गडबड है.” मग त्यांनी तो माझ्या हाती दिला. मला काही वेगळे करावे लागले नाही.

“अहो, असं नाही! अंगठा कुठे ठेवलाय तुम्ही?” इरा सोफ्यावरून उतरली.

बेल वाजली. वैशाली हातात गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. “चल गं, आवरलंस ना? अंधार पडायच्या आत…”

इरा पायातल्या बुटांसकट सतरंजीवर गुडघे टेकून बसली होती. आजोबांचा जाड अंगठा तिने दोन्ही हातांनी धरून बटणावर ठेवला होता. मान न वळवता ती म्हणाली, “आई, तू चपला काढ आणि बस बरं शांत. या तिघांना काहीच येत नाही!”

पडद्यावर बापूरावांचा गडी पुन्हा पाण्यात पडला.