सावलीत ठेवलेला बीकर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. बोलणारही नव्हतो. पण परवा लातूरला जे ऐकलं, त्यानं पुरता हादरलोय.

आधी बीकरचं सांगतो. नांदेडला पीएच.डी. करत होतो. जस्त आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडची मिश्र पावडर — पिठापेक्षा तलम. ती निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून उन्हात ठेवली की रंग नाहीसा होतो, असं दाखवायचं होतं. कापड रंगवणाऱ्यांचं घाण पाणी नुसत्या उन्हानं साफ होणार — केवढं स्वप्न! आणि उन्हाला नांदेडात काय तोटा? गच्चीवर दोन बीकर ठेवायचे. एकात पावडर, दुसऱ्यात नुसतं निळं पाणी.

दोन्ही फिके पडले. सारखेच! म्हणजे रंग उन्हानंच उडत होता, माझ्या पावडरीचं कर्तृत्व शून्य.

मग मी काय केलं? सांगतो... नुसत्या निळ्या पाण्याचा बीकर जिन्याखाली सावलीत ठेवला. तो निळाच राहिला. दोघांचा शेजारी शेजारी फोटो काढला आणि प्रबंधात लिहिलं — दोन्ही उन्हात. पदवी मिळाली, त्याच विभागात नोकरी लागली, गावात हारतुरे झाले.

तेवढ्यावर भागलं असतं तर — पण नाही. माझ्यामागून मुखेडची सुनंदा आली. बौद्ध वस्तीतली, घरातून विद्यापीठात आलेली पहिलीच. तिला माझंच काम पुढे न्यायचं होतं. ती सरळ मनाची. दोन्ही बीकर उन्हातच ठेवायची. दोन्ही फिके. आमचे मार्गदर्शक सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझे हात स्वच्छ नाहीत." भांडी नीट धुतली नाहीत, असं त्यांना म्हणायचं असेल. पण तिच्या कानाला ते कसं लागलं असेल, हे मला, पाटलाच्या घरात वाढलेल्या मला, कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. शेजारीच उभा होतो मी. मान खाली घातली. ती ॲसिडनं बीकर घासत राहिली, बोटांची सालं निघेपर्यंत. मग एक दिवस ती आलीच नाही.

परवा लातूरच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो, तर समोर सुनंदा! मुरुडजवळच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या पोरींनी माझ्याच पद्धतीनं पावडर केलेली, मैदानात उन्हात दोन बीकर मांडलेले. दोन्ही फिके. वाटलं, आता ही चारचौघांत माझं पितळ उघडं पाडणार.

पण ती हसली. मनापासून! पोरींना म्हणाली, "हे सर हायत ना, यांचाच शोध हाय ह्यो. यांना जमलं. मला न्हाई जमलं, माझा हातच साफ नव्हता."

इतकी वर्षं ती हे खरं मानून जगली? माझी कट्टर वैरीण झाली असती, तर मी एवढा हादरलो नसतो.

एक पोरगी आपले तळवे उलटेपालटे करून बघायला लागली. मग तिनं मलाच विचारलं, "सर, आमचं काय चुकलं?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचं, आत्ताच — आणि म्हणालो, "बीकर नीट धुवा, बाळा."

ती नळाकडे पळाली.