शनिवारची क्षमा

माझ्या मामांइतका क्षमाशील माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. दौंडला त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा घ्यायचा विधी असतो, आणि त्याआधी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी समेट करून यायचा रिवाज आहे. बाकीची मंडळी हे काम फोनवर उरकतात. मामा मात्र शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून घरोघर क्षमा करायला निघतात. गंमत एवढीच, की चूक मामांची असते आणि क्षमा समोरच्याला मिळते.

एकदा चर्चच्या पाण्याची मोटर चालू करून मामा भाजी आणायला गेले. टाकी वाहिली, आतल्या सतरंज्या भिजल्या. मामांनी चर्च झाडणाऱ्या आप्पांना क्षमा केली, कारण आप्पांनी आठवण करून दिली नव्हती. आप्पांनी वर चहा पाजला. उभी हयात रेल्वेच्या नोकरीत काढलेले मामा एकदा पुण्याला जायला निघून सोलापूरच्या गाडीत बसले आणि थेट भिगवणला उतरले. तेव्हा क्षमा मिळाली ती शेजारच्या प्रवाशाला, "गप बसला व्हता, सांगायला नको का?" म्हणून. मला तर त्यांनी शिरूरला फोन करून क्षमा केली आहे. माझ्या वाढदिवसाचा केक त्यांनी भलत्याच महिन्यात पाठवला होता. मी आभार मानले. मामांची क्षमा मिळाली की आपल्या हातून खरंच काहीतरी घडलं होतं असं वाटायला लागतं.

मामा खोटारडे मात्र नाहीत. खोटं बोलायचं तर आधी खरं काय ते मनाशी ठाऊक असावं लागतं, आणि मामा त्याच्या आधीच स्वतःची समजूत घालून मोकळे होतात. उपासनेत सगळे मिळून पापांची कबुली देतात. त्यातलं 'आम्ही' मामा इतकं खणखणीत म्हणतात आणि मागे वळून मंडळीवर अशी नजर फिरवतात, की पाळकसाहेबसुद्धा मान खाली घालतात. मी थक्क होऊन पाहत राहतो.

तीन वर्षांपूर्वी वरवंडजवळ मामांची स्कूटर घसरली. मामांना खरचटलंही नाही. मागे बसलेल्या मामीच्या खुब्यात प्लेट बसली आणि घरात वॉकर आला. त्या महिन्यापासून पहिली क्षमा मामीला मिळू लागली. तू मागे हाललीस, त्याने तोल गेला, पण मी मनात ठेवलेलं नाही, असं मामा म्हणायचे. मामी 'बरं' म्हणायची. मामा भाकरी थापायला शिकले, तिचे पाय चेपू लागले. सेवेत त्यांनी कधी कसूर केली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मागच्या वर्षी प्रभुभोजनाच्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये होतो. भोजनाआधी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? बायकांच्या बाजूने मामी वॉकर धरून उठली.

"माझ्या हालण्यानं सगळं झालं," ती म्हणाली. "ह्यांना या वयात भाकरी थापाया लागत्यात. देवानं मला क्षमा करावी म्हणून प्रार्थना करा."

प्रार्थना झाली. मामांचं 'आमेन' सगळ्यांच्या वर ऐकू येतं, ते आलं नाही. भाकरीचं ताट आमच्या रांगेत आलं. मामांनी त्यातला तुकडा न घेता ते माझ्याकडे सरकवलं आणि उभे राहिले.

"ती हालली न्हाई. मोबाईल वाजला म्हणून मी खिशात हात घातला. गाडी एका हातावर व्हती."

मामी त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मग मी दोन वर्सं माफी कशाची घेत व्हते?"

मामा खाली बसले. जे खोटं स्वतःच्या तोंडून त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं, ते बायकोच्या तोंडून ऐकल्यावर या माणसाला पेललं नाही.

आता मामा शनिवारी कुठेच जात नाहीत. मामीशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि खाली बघत विचारतात, मला माफ करशील का? मामी म्हणते, बघू. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मला त्यांची फार दया येते. परवा ते बाहेर गेलेले पाहून मी मामीला म्हटलं, किती ताटकळत ठेवशील त्यांना?

मामीने दाराकडे पाहिलं.

"माफ त्याच दिवशी केलं रे," ती म्हणाली. "पण सांगितलं, तर असं जवळ बसून विचारायचं सोडतील."