तोंड न पाहता घेतलेला दात

आमच्या सारंगखेड्यात दोधूआप्पांचा दरारा शेतीमुळे नाही, दातांमुळे. स्वतःचे म्हणाल तर चारच उरलेत. पण यात्रेत घोडा घ्यायचा तर गिऱ्हाईक आधी आप्पांना शोधतं. आप्पा घोड्याचा ओठ वर करणार, दातांवरून बोट फिरवणार आणि वय सांगणार. म्हातारा घोडा तरणा म्हणून खपवायला आणणाऱ्याचा चेहरा त्यांना लांबून बघूनच उतरतो.

असा माणूस यंदा दक्षिणेच्या सहलीला गेला आणि हस्तिदंताचा हत्ती घेऊन आला. दुकानदाराने म्हणे कानात सांगितलं, 'असली आहे, कुणाला बोलू नका.' आप्पांनी एकालाही सोडलं नाही. "दातमा माले कोन फसाडी?" असं म्हणत तो बोटभर हत्ती त्यांनी ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला दाखवला. मला तर दोनदा.

घोळ घातला त्यांच्या पुतण्याने, हेमकांतने.

"आप्पा, हस्तिदंत इकानं-लेवानं बंद शे. हाऊ खरा निघना तर तुम्हनावर केस व्हई."

"आनि खोटा निघना तर?"

"तर तुम्ही फसनात."

आता आली का पंचाईत! खरा म्हणावा तर गुन्हा. खोटा म्हणावा तर यात्रा तोंडावर आलेली, आणि दातांचा जाणकार दातातच फसलेला. मग त्यांच्या शब्दावर घोडा कोण घेईल? मला वाटलं, शहाणा माणूस खोट्यावर समाधान मानेल. पण आप्पांचा हट्ट असा, की "जेलमा जासू, पन खोटा म्हनू नका." अस्सा राग आला मला त्यांचा.

त्यांच्या घरच्या निर्मलाकाकू तिथेच लसूण सोलत होत्या.

"खरा शे ना? मंग तो हत्ती कोठे शे?"

"कोनता हत्ती?"

"जेना दात शे तो. घोडाना दात तुम्ही तोंडमा देखतस. घोडा जित्ता ऱ्हास. आठे नुसता दात देखा. तोंड कोठे गयं, इचारं का?"

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. जनावरांत उभं आयुष्य गेलेला माणूस, मलाच कसंतरी झालं. त्यांनी हत्ती हळूच खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "सुई तपाड."

तापलेली सुई हत्तीच्या पोटात लोण्यात जावी तशी गेली आणि ओटाभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. आप्पा एवढ्या मोठ्याने हसले, की ओट्याखालचं कुत्रं उठून पळालं. "खोटा शे! कोनी मरेल नही!"

यात्रेत व्हायचं तेच झालं. पसंत पडलेल्या घोडीचा लगाम धरून आलेल्या गिऱ्हाइकाने चारचौघांत चिमटा काढला, "आप्पा, तुम्हना हत्ती प्लास्टिकना निघना म्हने?" मी त्याच्या अंगावर जाणारच होतो. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून हत्ती काढला आणि त्याच्या पोटाचं भोक सगळ्यांना दाखवलं.

"हाऊ मी तोंड न देखता लिधा," ते म्हणाले. "आते घोडीनं तोंड दखाड."

गिऱ्हाइकाने घोडीचा लगाम त्यांच्या हातात दिला.