आशाताई ज्या घरी जाते

शहरातल्या मनीषनगरहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर आहे. स्वभावाने तापट. माझी चाहूल लागली की नर्स चहाचे कप लपवतात. दुसऱ्याने चूक दाखवलेली मला सोसत नाही, म्हणून ही चूक माझी मीच लिहून ठेवते.

पूर्वी मनाच्या आजाराचा रुग्ण आला की आम्ही शहरातल्या धंतोलीच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून मोकळे व्हायचो. जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडायचा, दुसऱ्या खेपेला सहसा कुणी जात नसे. पुढे आम्हालाच प्रशिक्षण मिळालं आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या तापाच्या गोळ्यांशेजारी आमच्या कपाटात आल्या.

पहिल्याच महिन्यात एक शेतकरी त्याच्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलगी कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. झोप नाही, धड जेवण नाही. एकदा तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं, असं बाप म्हणाला. सल्लागार डॉक्टरांना फोनवर विचारून मी गोळ्या सुरू केल्या. दीड-दोन महिन्यांत ती स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. वजनही वाढलं, आणि मी ते कागदावर चांगलं लक्षण म्हणून नोंदवलं.

गोळी चुकली तर पुन्हा विहीर, ही धास्ती मला होती. म्हणून मी त्यांच्या गावच्या आशाताईला दर सोमवारी मुलीच्या घरी गोळ्या घेऊन पाठवायला सुरुवात केली. ताईने जायचं, गोळ्या द्यायच्या, दहा मिनिटं बसून बोलायचं. तालुक्याच्या बैठकीत मी हे सांगितलं, वाहवा झाली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग एका सोमवारी आशाताई गोळ्या तशाच परत घेऊन आली.

"मॅडम, दोन हप्ते झाले, मले दारातूनच वापस लावून राहिले."

"आणि तू मला आज सांगतेस?" मी तिच्यावर खेकसले.

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही चिडता म्हणून नाही सांगतलं. मॅडम, मी गावात कोणाच्या घरी जातो? पोटुशीच्या नाही तं बाळंतिणीच्या. कुवाऱ्या पोरीच्या घरी दर सोमवारी जाऊन राहिली, तं लोक काय समजतीन? वरून पोरगी भरली अंगानं."

करायला गेले गणपती, झाला मारुती. शेजारणी मुलीच्या पोटाकडे बघत होत्या. तिला बघायला येणारे पाहुणे आलेच नव्हते. बापाने आशाताईला हात जोडून सांगितलं होतं, "गोळी चांगली आहे ताई, पण तुम्ही नका येऊ." मी शिकलेली, विदर्भातच वाढलेली, आणि हे मला सुचू नये याची लाज वाटली.

स्वतः जीप घेऊन गेले असते तर त्यांची उरलीसुरली अब्रूही गेली असती. मी आशाताईकरवी शेतावर, मुलीच्या आईला निरोप धाडला: मंगळवारी बीपी-शुगरच्या रांगेत या, तुमच्या तपासणीबरोबर गोळ्या देते, कुणाला कळणार नाही. त्या मंगळवारी कुणी आलं नाही. तो आठवडा मी फोन वाजला की दचकत होते.

पुढच्या मंगळवारी आई आली आणि सोबत मुलगीही. डोळे खोल गेलेले, ओढणी पोटावर घट्ट धरलेली. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. माझी खिडकी उघडीच होती. त्यांच्याच गावची एक बाई आईला विचारत होती, "काहून वं, पोरीले घेऊन आली? कितवा लागला?"

मी उठले, पण दारापर्यंत पोचायच्या आत मुलगी बोलली.

"महिना नाही मावशी. माह्यं मन बिमार आहे. मी विहिरीवर गेली होती ना, तेच. आशाताई त्याचीच गोळी आणून देत होती."

माझं औषध तिच्यापर्यंत गुपचूप पोचावं एवढंच मी जुळवलं होतं, आणि तिला ते भर व्हरांड्यात उघडं करावं लागलं. मी तिला आत घेतलं, दार लावलं.

"असं सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस?" मी विचारलं.

"दोन्हीतलं एक निवडा लागलं मॅडम, पोटुशी नाही तं पागल. पागल म्हणतीन तं म्हणू द्या. बाबा चौकात तं बसतीन."

माझे डोळे भरून आले. मी तिची माफी मागू लागले. माझं बोलणं पुरं होईपर्यंत ती थांबली आणि मग तिने हात पुढे केला.

"गोळी द्या मॅडम. तीन हप्ते झाले, मी झोपली नाही."