चाळीस वर्षांचं इंटर

बिलोलीत मी चाळीस वर्षं इंटर पास होते. लातूरला गेले आणि पंधरा मिनिटांत नापास झाले.

त्याचं असं झालं. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पोरगी किती शिकली?" माझा भाऊ म्हणाला, "इंटर झालीय." आता आमचा तालुका तेलंगणाच्या शिवेवर, तिकडं बारावीला इंटर म्हणतात. सासरे खूश! भावाच्या मनात होती ती नववीत दिलेली चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा. एक फुलदाणी, दोन वांगी आणि पितळी तांब्या. मी खोटं बोलले का? न्हाई. मला कुणी विचारलंच न्हाई! (विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते सोडा.)

पुढं धाकटी जाऊ आली, सुशीला. नुसती दहावी! "इंटरवाल्या बाईनं भाकरी थापायची असती व्हय?" असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं, आणि पुढं वर्षानुवर्षं तिनंच थापल्या. मी पाटावर बसून नावं ठेवायची. "सुशीला, ही भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा?"

सगळं बेस चाललं होतं. पण माझी लातूरची सून! त्या गावात पोर जन्मलं की रडायच्या आधी मार्क विचारतं. तिचा फोन आला, "आई, बीए करून टाका. इथल्या एका कॉलेजात बारावीच्या विषयांचं क्रेडिट मेजरला धरतात म्हणं. दोन पेपर माफ!"

"मेजर कोण?" आमच्या गल्लीत एकच मेजर, फौजेतून रिटायर झालेला. (तो कशाला माझे पेपर माफ करतोय?)

"मुख्य विषय हो, आई! तुमचं इंटरचं सर्टिफिकेट तेवढं आणा."

"त्याला वाळवी लागली," मी झटक्यात म्हटलं.

"न्हाई लागली!" मागून सुशीला ओरडली. "मी कवाच काढून ठिवलंय, माझ्या ट्रंकेत!"

हिला कुणी सांगितलं होतं? लाल फडक्यात बांधलेली ती सुरळी छातीशी धरून बाई एसटीत माझ्या शेजारी बसली. वाटेत तिघींना सांगून झालं, "आमच्या अक्काचं इंटर हाय." मी मनातल्या मनात टायर पंक्चर करून राहिले होते. पण मेली एसटी, जन्मात कधी नव्हे ती त्या दिवशी वेळेवर पोचली!

कॉलेजातल्या क्लार्कनं सुरळी उलगडली, आणि अख्खी रांग बहिरी असल्यासारखं मोठ्यानं वाचलं, "इंटरमिजिएट ड्रॉइंग. श्रेणी क. मावशी, हे चित्रकलेचं हाय. बारावी कुठंय?"

सून माझ्याकडं बघून राहिली. सुशीला बघून राहिली. रांगेतली पोरं तर फुकटात बघून राहिली.

"वांगी लई चांगली आली होती," मी म्हटलं.

"वांग्याला क्रेडिट नसतंय, मावशी! बरं, दहावी तरी?"

"नववी."

"आन् ह्या?"

"मी आपली नुसती दहावी," सुशीला लाजत म्हणाली.

"मग ह्याच तुमच्या पुढं हायत की!"

एवढं बोलून त्यानं माझ्या फॉर्मवर क्रेडिटच्या चौकटीत शून्य काढलं. शून्य कसलं, पायाखाली आलेला बटाटा! चाळीस वर्षांची इज्जत गेली, जाऊ द्या. पण ते शून्य मला बघवेना. "आण रे तो पेन इकडं!" शेजारीच एका दमात, हात न उचलता, असं गरगरीत शून्य काढलं की क्लार्कसुद्धा "वा!" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा इंटर कामाला आलं.

सुशीलानं फॉर्म डोळ्यांजवळ नेऊन ते शून्य न्याहाळलं. मग शांतपणे म्हणाली, "अक्का, इतकं गोल येतंय व्हय तुम्हाला? मग उद्यापासून भाकरी तुम्हीच थापा."

तेव्हापासून मी थापून राहिले. सुशीला पाटावर बसून श्रेणी देते. काल पुन्हा 'क'च मिळाली!